परवान्याची जुनी बंदूक विकताना योग्य किंमत कशी मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या बंदुका अनेक घरांत आहेत. ज्यांनी घेतल्या ते आता थकले, मुलं मुंबईला स्थायिक झाली, आणि बंदूक कपाटात कापडात गुंडाळून पडलेली. मी बरीच वर्षं आमच्या भागातल्या लोकांना परवान्याचे अर्ज लिहून देतो, म्हणून "विकली तर किती येतील ओ?" हा फोन महिन्यातून चार-पाच वेळा येतोच. बंदूक बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. पण बाकीची उत्तरं तीच तीच असतात, ती इथे एकत्र लिहिली आहेत. सगळी परवान्याच्या बंदुकीबद्दलची आहेत. माळ्यावर बिनपरवान्याची काही सापडली असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.

१. बंदूक ओळखीच्या माणसाला थेट विकता येते का, की दुकानदारालाच द्यावी लागते?

दोन्ही चालतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर घेतलेलं हत्यार दुसऱ्या पात्र माणसाला विकायला तुम्हाला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. मात्र कोणाला विकणार हे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाईपर्यंत बंदूक हातातून द्यायची नाही. कार्यालयाकडून परवानगीचं पत्र मागून घ्यावं, नुसत्या पोचपावतीवर थांबू नये. घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या हत्याराचा चालू परवाना हवा आणि त्याच्या परवान्यावर जागा शिल्लक हवी. वयाची २१ वर्षं पूर्ण नसलेल्याला विकता येत नाही.

हे ४५ दिवस लोकांना त्रासाचे वाटतात. मला ते विकणाऱ्याच्या फायद्याचे वाटतात, कारण घाईत कोणी तुमच्याकडून बंदूक उचलून नेऊ शकत नाही.

२. जुन्या बंदुकीची किंमत नक्की कशावर ठरते?

आधी कागद, मग नळी, मग बनावट, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. आपल्याकडे लोक बरोब्बर उलट्या क्रमाने सांगायला सुरुवात करतात: "दस्त्यावर नक्षी आहे, आजोबांनी वाघ मारला होता." वाघाचे पैसे कोणी देत नाही.

कागद म्हणजे परवान्याचं पुस्तक, त्यावरची नूतनीकरणं, यूआयएन क्रमांक (परवानाधारकाला सरकारी नोंदणीत मिळणारा ओळख क्रमांक), आणि सापडली तर खरेदीची मूळ पावती. परवान्यावरचा बंदुकीचा नंबर आणि नळीवर, बॉडीवर कोरलेला नंबर अक्षराक्षराने जुळायला हवा. जुन्या हस्तलिखित परवान्यांत ३ चा ८ झालेला मी स्वतः तीनदा पाहिला आहे. असा फरक असेल तर गिऱ्हाईक शोधण्याआधी दुरुस्तीचा अर्ज करा, कारण ऐन सौद्यात तो सापडला की समोरचा हक्काने किंमत पाडतो. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्याआधी सावंतवाडी, कुडाळ, मालवणकडचे परवाने रत्नागिरीतून निघायचे. त्या काळातलं मूळ पुस्तक फेकून देऊ नका, ते बंदुकीच्या मालकीची साखळी दाखवतं.

नळीसाठी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, दुनळी उघडून नळ्या वेगळ्या करा आणि आतून उजेडाकडे बघा. आतली वलयं सरळ, गोल, चकचकीत दिसली तर बरं. एखादं वलय वाकडं दिसलं तर तिथे चेप आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी आधी पडतात. मग नळ्यांची जोडी खालच्या हुकाला दोरी बांधून लोंबकळत धरा आणि नखाने हलकेच टिचकी मारा. माठ घेताना वाजवून बघतो तसंच. खणखणीत नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर झाळ सुटली आहे, आणि ती दुरुस्ती महाग असते.

शेवटी बंदूक जोडा आणि नळ्या डाव्या-उजव्या हलवून बघा. सांध्यात ढिलेपणा जाणवला तर किंमत उतरते. दस्ता मनगटाच्या जागी, म्हणजे चापामागे हाताची पकड बसते तिथे, तडकलाय का, तेही बघा.

३. आमची बंदूक विलायती आहे. मग लाखांत जाईल ना?

जाईलही. पण "विलायती" हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाली. त्यामुळे आधी आलेल्या चांगल्या इंग्लिश बंदुकांना आपल्याकडे असा भाव येतो की त्यांच्या मूळ देशातही तेवढा येणार नाही. वेब्ली अँड स्कॉट, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर ही नावं दुकानदाराच्या कानावर पडली की तो खुर्ची पुढे सरकवतो.

नाव दोन ठिकाणी तपासा. पट्टीवर नुसतं विकणाऱ्या दुकानाचं नाव असू शकतं, म्हणून नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे चाचणीचे शिक्के बघा. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ पासून आहे आणि त्याचे शिक्के ओळखता येतात. अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरं असतील तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची आहे. तिथून स्वस्त आणि महाग दोन्ही माल आला, त्यामुळे नुसतं "बेल्जियम" म्हणून भाव ठरत नाही.

"नायट्रो प्रूफ", म्हणजे आजच्या धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासल्याचा, शिक्का नसेल, आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसत असेल, तर ती बहुधा पट्ट्या वळून केलेली जुनी डमास्कस नळी आहे. दिसायला देखणी, पण काळ्या दारूसाठी तपासलेली. तिच्यात आजचं काडतूस घालणं धोक्याचं आहे. हे घेणाऱ्याला न सांगता विकणं म्हणजे एखाद्याच्या हाताची बोटं विकणं.

४. "अडीच इंची" आणि "पावणेतीन इंची" हे काय प्रकरण आहे?

चेंबरची लांबी. जुन्या बाराबोअर इंग्लिश बंदुका बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाच्या. आज सर्रास मिळणारं काडतूस पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं. अडीच इंची बंदुकीला गिऱ्हाईक कमी मिळतं, किंमत त्या प्रमाणात धरा. आणि चेंबर वाढवून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने मूळ चाचणीचा शिक्का निरर्थक होतो.

५. विकण्याआधी पॉलिश, नवा काळा रंग, नवं पॉलिश दस्त्याला करून घेऊ का? चांगली दिसेल.

नको. हे मी पदरमोड करून शिकलो. वडिलांची दुनळी विकायला काढली तेव्हा नळीवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, दस्त्याला फर्निचरचं पॉलिश मारलं आणि खुशीत दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने बोट फिरवून विचारलं, "काय लपवलंत?" नळीवरची कोरलेली अक्षरं घासली गेली होती. त्याने सांगितलेला आकडा आठवला की अजून घसा कोरडा पडतो.

करायचं एवढंच: आतून-बाहेरून साफ करा, बंदुकीचं तेल पातळ लावा, दस्ता कोरड्या कापडाने पुसा. खोबरेल तेल लावू नका. ते थंडीत थिजतं, यंत्रात बसतं आणि धूळ धरतं. चामड्याची मूळ पेटी, साफ करायची सळई, पट्टा असं काही असेल तर सोबत ठेवा. मूळ पेटीला वेगळा भाव मिळतो. ती पावसात बुरसटली असेल तरी फेकू नका.

६. एका दुकानदाराने जो आकडा सांगितला, दुसऱ्याने त्याच्या दुप्पट सांगितला. खरं कोण बोलतोय?

बहुधा दोघेही. पहिला सांगतो तो *त्याने विकत घ्यायचा* भाव, दुसरा सांगतो तो *गिऱ्हाइकाला विकायचा* भाव. फोनवर विचारताना प्रश्नच असा करा: "तुम्ही आज मला रोखीने किती द्याल, आणि हीच बंदूक तुमच्या दुकानात किती किमतीला लावाल?" दोन्ही आकडे मिळाले की बोलायला जागा होते.

किमान तीन दुकानदारांना विचारा. आपल्याकडून लोक एक तर कोल्हापूरला जातात नाही तर मुंबईला. दोन्हीकडचा अंदाज घ्या. भारतीय आयुध कारखान्याची बंदूक असेल तर त्याच प्रकारच्या नव्या बंदुकीची आजची किंमत विचारून घ्या. तुमची जुनी तिच्या वर जाणार नाही. विलायती बंदुकीला हे छत लागू नाही, तिथे नळी आणि नाव बोलतं (प्रश्न २ आणि ३).

७. थेट विकावी, दुकानदाराला द्यावी, की दुकानात कमिशनवर ठेवावी?

हिशेब मांडा. समजा दुकानदार आज ३०,००० देतो, कमिशनवर ठेवली तर ४५,००० ला विकली जाईल म्हणतो. कमिशन दहा टक्के धरलं तर ४,५०० गेले. ठेवण्याचं भाडं महिन्याला ५०० असेल आणि आठ महिने लागले तर ४,००० आणखी. दोन खेपा, गाडीभाडं, हॉटेलातला एक मुक्काम. हातात ३४,००० च्या आसपास उरतात, आणि आठ महिने बंदूक दुसऱ्याच्या कपाटात. असा फरक असेल तर मी ३०,००० घेऊन मोकळा होईन. पण चांगल्या विलायती बंदुकीत हाच फरक मोठा असतो, तिथे थांबणं परवडतं.

थेट विक्रीत सगळ्यात जास्त पैसे मिळतात हे खरं. पण गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं, त्याचे कागद तुम्हीच तपासायचे आणि कार्यालयाच्या फेऱ्याही तुमच्याच. कमिशनवर ठेवलीत तर पावतीवर नंबर, नळीची अवस्था, खालची किंमत, कमिशन आणि भाडं लिहून घ्या. "आपलेच आहात" म्हणणाऱ्याकडून तर आधी.

आणि बंदुकीचा फोटो, परवान्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या घरात हत्यार आहे हे सगळ्या तालुक्याला सांगायची गरज नाही.

८. कोणत्या महिन्यात विकायला काढावी?

मागणी पिकाच्या मागे चालते. काजू-आंब्याचा हंगाम तोंडावर आला की माकडांनी हैराण झालेले बागायतदार शोधात असतात, आणि भात पोटरीला यायच्या आधी रानडुकरांनी हैराण झालेले. ४५ दिवस आणि कार्यालयाच्या दोन महिन्यांचा हिशेब धरून त्याच्या तीन-साडेतीन महिने आधी सुरुवात करा.

निवडणुकीचा मात्र विचार करा. आचारसंहिता लागली की पोलीस बंदुका जमा करायला सांगतात आणि कार्यालयातली माणसं निवडणुकीच्या कामाला जातात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, तेव्हा काही सौदे पार पुढच्या वर्षात गेले. जमा करताना बंदुकीला तेल लावून, कापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर अवस्था लिहायला सांगा.

९. गिऱ्हाईक म्हणतं, "परसात एक बार काढून दाखवा, मग ठरवू."

नाही म्हणा. शेतीसंरक्षणाचा परवाना प्रात्यक्षिकासाठी नसतो, आणि शेजाऱ्याने फोन केला तर सौदा राहील बाजूला. दुकानात किंवा नेमबाजीच्या अधिकृत जागी तपासणी करून घ्या. घोड्यांची आणि चापाची तपासणी डमी काडतुसांवर होते.

१०. विसार घ्यावा का? पैसे रोख घेतले तर चालतील?

विसार घ्या, पण पावतीवर लिहा की परवानगी नाकारली गेली तर तो पूर्ण परत. नाही तर दोन महिन्यांनी भांडण ठरलेलं. बाकी रक्कम बँकेतून किंवा डिमांड ड्राफ्टने. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा जास्त रोख घेणं आयकराच्या कायद्याने बंद आहे. त्यापेक्षा लहान व्यवहार असला तरी बँकेची नोंद तुमच्याच कामाला येते. पैसे खात्यात पूर्ण जमा झाल्याशिवाय आणि परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक हलवायची नाही, मग घेणारा सख्खा मेव्हणा का असेना.

११. वडील वारले. बंदूक त्यांच्या नावावर. आम्ही विकू शकतो का?

आधी ती जमा करा. परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवणं वारसांना अडचणीचं होतं. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे मृत्यूच्या दाखल्यासह जमा करून पावती घ्या. कलम २१ नुसार जमा केलेल्या बंदुकीची विक्री करायला सांगण्याचा आणि तिचे पैसे घेण्याचा हक्क कायदेशीर वारसाला आहे. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते, आणि मग तुम्हाला काहीच मिळत नाही. मुदत जमा करतानाच लेखी विचारा.

विकायची नसेल तर वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. वडील हयात असतानाही तो मार्ग आहे: शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो वारसाचं नाव सुचवू शकतो. घरातले म्हातारे आहेत तोवर हे करून घेतलं तर पुढच्या कितीतरी खेपा वाचतात.

१२. भावांच्या सह्या लागतात म्हणे. एक नालासोपाऱ्याला, एक सुरतेला. कशा जमवायच्या?

गणपतीत. चतुर्थीला सगळे घरी असतात. आधी तालुक्याला जाऊन ना-हरकत प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार ठेवा आणि आरतीनंतर, पत्ते मांडायच्या आधी, विषय काढा. पैशांची वाटणी कशी, हेही त्याच बैठकीत कागदावर लिहा. पाच दिवसांनी सगळे पांगले की मग एकेका सहीसाठी महिना जातो, आणि तोवर प्रश्न ११ मधली मुदत संपत आलेली असते.

१३. बंदूक विकल्यावर परवान्याचं काय होतं?

दोन वाटा. दुसरी घ्यायची असेल तर विक्रीच्या अर्जातच तसं लिहा. घ्यायची नसेल तर परवाना परत करा आणि तसा कागद घ्या. बंदुकीशिवाय परवाना तसाच ठेवून दिला तर पुढच्या नूतनीकरणाला प्रश्न विचारले जातात. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली आहे, त्यामुळे लोक हे विसरून जातात. शेतीसंरक्षणाचा परवाना एकदा सोडला की नवा मिळवणं सोपं नाही. म्हणून "विकून टाकतो, बघू पुढे" असं म्हणणाऱ्याला मी आधी घरी पाठवतो.

१४. गिऱ्हाईक पेडण्याचं आहे, गोव्यातलं. बांद्यावरून तासाभराचा रस्ता. चालेल ना?

रस्ता तासाभराचा, कागद दोन राज्यांचे. घेणाऱ्याच्या परवान्याची हद्द बघा आणि त्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचं ना-हरकत पत्र त्यानेच आणून द्यावं असं ठरवा. तुमचा परवाना तुमच्या जिल्ह्यापुरता किंवा तुमच्या शेतापुरता असेल तर बंदूक घेऊन पुढे जायला वेगळी परवानगी लागते. कोल्हापूरच्या दुकानात नेतानाही हीच गोष्ट. हे लक्षात न घेता लोक बंदूक डिकीत टाकून घाट चढतात.

१५. माळा झाडताना ठासणीची बंदूक सापडली. परवाना कोणाच्याच नावावर नाही. जुनी म्हणून विकता येईल?

नाही. ठासणीची असली तरी ते अग्निशस्त्रच आहे आणि बिनपरवान्याचं विकणं गंभीर गुन्हा आहे. २०१९ नंतर शिक्षा आणखी कडक झाल्या. कुणाला दाखवू नका, फोटो पाठवू नका, नदीत टाकू नका. वकिलाला भेटा आणि त्याच्यामार्फत पोलिसांना कळवा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या, निकामी हत्यारांना कायद्यात सूट आहे (कलम ४५). पण तुमची बंदूक त्यात बसते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही.

१६. घरात परवान्यावर तीन बंदुका आहेत. तिसरी आता विकता येईल का?

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन, असं ठरलं. नेमबाजांना वेगळे नियम आहेत. जास्तीची बंदूक जमा करायला वर्षभराची मुदत होती, ती कधीच संपली. तिसरी अजून घरात असेल तर गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडू नका, पहिला फोन वकिलाला. वेळेत जमा केली असेल तर पावती काढा आणि तिची स्थिती लेखी विचारा.

१७. बंदुकीचा नंबर गंजाने खाल्ला आहे, वाचता येत नाही.

कलम ८ नुसार ओळखचिन्ह नसलेलं हत्यार विकता येत नाही. स्वतः घासून किंवा पुन्हा कोरून बघू नका, त्याने संशय वाढतो. परवान्याच्या प्रतीसह कार्यालयाला लेखी कळवा आणि ते सांगतील तशी तपासणी होऊ द्या. नळी कापून आखूड केलेली असेल तर तो आणखी वेगळा, वकिलाचा विषय.

१८. उरलेली काडतुसं बंदुकीसोबत देऊन टाकू का?

सुटी द्यायची नाहीत. घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद होत असेल तरच, नाही तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. हिरवट पडलेली, फुगलेली काडतुसं पोलिसांनाच द्या. त्यांचे पैसे धरू नका.

१९. विकून महिना झाला. घेणारा म्हणतो नळीत खड्डे आहेत, पैसे परत करा. आता?

सौद्याच्या वेळी अवस्था लिहून सही घेतली असेल तर तो कागद दाखवा. नसेल तर समजुतीने मिटवा. पण बंदूक परत "घेऊन ठेवू" नका, कारण आता ती त्याच्या परवान्यावर आहे. तुमच्या घरात आली की ती बिनपरवान्याची. परत घ्यायचीच तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा ४५ दिवस. गेल्या पावसाळ्यात असंच एक प्रकरण माझ्याकडे आलं. दोघे शेजारी होते, बंदूक घेणाऱ्याच्याच घरी राहिली, आणि मोबदल्यात विकणाऱ्याने त्याला काजूची चाळीस कलमं दिली. खड्डे तसेच आहेत.